एकोणचाळीस नंबरची फर्माइश

१९८५ सालच्या डिसेंबरात, एका मंगळवारी दुपारी, परभणीतल्या आमच्या कॉलेजचा रेडिओ प्राचार्यांच्या तोंडी आदेशाने बंद झाला. एका विद्यार्थ्याने लेखी तक्रार केली होती. निवेदक मी होतो. तोच रेडिओ ऐकण्यासाठी माझे वडील गुरुवारी गावाहून येणार होते.

रेडिओ हा शब्द इथे सैल अर्थाने घ्यावा. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेशेजारी अडगळीची एक खोली होती. तिच्यात एक अँप्लिफायर, एक टेपरेकॉर्डर आणि एक माइक होता. तिथून निघालेली वायर दोन भोंग्यांपर्यंत जाई. एक भोंगा कँटीनच्या पत्र्यावर, दुसरा मुख्य इमारतीच्या व्हरांड्यात. कार्यक्रम मधल्या सुट्टीत, साडेबारा ते एक. विद्यार्थ्यांनी कँटीनमधल्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या आणि आम्ही त्यांची गाणी लावायची. आवाज कुंपणाबाहेर सायकल दुरुस्तीच्या दुकानापर्यंत पोहोचत असे. त्यापुढे नाही.

आमचे गाव जिंतूर तालुक्यात, चारठाण्याच्या पुढे. मी घरी पोस्टकार्ड लिहिले होते, "कॉलेजच्या रेडिओवर रोज साडेबाराला मी बोलतो." 'कॉलेजच्या' हा शब्द कार्डात होता. ते कार्ड शाळेच्या गुरुजींनी पिठाच्या गिरणीपुढे वाचून दाखवले. वाचताना तो शब्द उच्चारला गेला की नाही, याबद्दल गावात दोन मते आहेत. दुसऱ्या दिवसापासून वडील साडेबाराला आपला ट्रान्झिस्टर गिरणीच्या ओट्यावर आणून ठेवू लागले. दळण घेऊन आलेली माणसेही थांबत. ट्रान्झिस्टरवर बरेच काही लागे, मी लागत नसे.

"आज पोरगं सुट्टीवर हाय का काय?" गिरणीवाल्याने तिसऱ्या दिवशी विचारले.

"येईल. आधी मोठी मानसं बोलतेत," वडील म्हणाले.

दहा दिवसांनीही मोठी माणसेच बोलत होती. इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. वडिलांची जमीन थोडी होती, पण गावात बांधाचा तंटा झाला की साक्षीला त्यांना बोलावत आणि त्यांनी दाखवलेली हद्द दोन्ही बाजू मानत. मोजणीदार येईपर्यंत थांबायची गरज पडत नसे. त्या महिन्यात एका तंट्यात वडील बोलायला उभे राहिले, तेव्हा मागून कोणीतरी म्हणाले, "आता हद्द बी रेडिओवरच सांगा की." लोक हसले. तंटा तसाच राहिला. गुरुजींच्या हस्ताक्षरात मला पत्र आले, "गुरुवारी येत आहे. समक्ष ऐकणे आहे."

मी खोटे बोलतो का, एवढाच प्रश्न असता तर चालले असते. प्रश्न वडिलांच्या शब्दाचा झाला होता.

कार्यक्रमाला परवानगी देताना प्राचार्यांनी तीन अटी घातल्या होत्या. पहिली, मागणाऱ्याचे नाव घ्यायचे नाही. ती वर्षे नामांतराची होती. विद्यापीठाच्या नावावरून कॉलेज कधी सुरू असे, कधी बंद. नाव म्हटले की आडनाव येते आणि आडनाव भोंग्यातून गेले की कँटीनमधली दोन टेबले एकमेकांकडे पाहू लागतात, हे प्राचार्यांना माहीत होते. म्हणून रोल नंबर. दुसरी अट, 'अमुकसाठी' हा शब्द नको, फक्त मागणारा आणि गाणे. तिसरी अट, लेखी तक्रार आली की कार्यक्रम बंद. तोंडी तक्रारी कितीही चालतील. कागद फाईलला लागतो आणि फाईल कोणीही उघडू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते.

माझा जोडीदार पूर्णेचा होता. वडील रेल्वेत गँगमन, घर बौद्ध. टेपरेकॉर्डर तो सांभाळायचा, चिठ्ठ्याही तोच उघडायचा. पेन्सिल घालून कॅसेटचे रीळ फिरवत तो गाणे अचूक सुरुवातीला आणून ठेवी. पहिल्या अटीवर त्याचे मत वेगळे होते.

"आडनाव काढलं अन् नंबर ठेवला. पन नंबर तरी कुठं कोरा हाय?"

त्याचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होते. आमच्या वर्गाची हजेरी लावताना मागासवर्गीय शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्यांची नावे शेवटी घातली होती. त्यामुळे शंभराच्या पुढचा आकडा ऐकला की ऐकणाऱ्याला जे कळायचे ते कळत असे. जोडीदाराचा नंबर एकशे चौदा होता.

दिवाळीपर्यंत मी प्रत्येक फर्माइशीआधी "नमस्कार मंडळी, ऐकताय ना? आता रोल नंबर अमुक" असे म्हणत असे. दिवाळीनंतर प्राचार्यांची चिठ्ठी आली, "पाल्हाळ नको. क्रमांक, वर्ग, गाणे." मी त्याहून पुढे गेलो आणि 'रोल नंबर' हे शब्दही काढून टाकले. आकडा कशाचा आहे ते सगळ्यांना ठाऊक होते. माइकचे बटण दाबायचे आणि थेट म्हणायचे, "एकोणचाळीस, बी.ए. द्वितीय." ही सुधारणा आहे असे मला वाटले.

एकोणचाळीस नंबर हा शहराजवळच्या एका मोठ्या शेतकरी घरातला मुलगा. मोटारसायकलवर यायचा. रोज एक चिठ्ठी टाकायचा. बी.एस्सी.च्या एका मुलीने आपला नंबर ऐकावा, अशी त्याची इच्छा होती. तिने तो ऐकला, तर गाण्याचा अर्थ तिला आपोआप लागेल, असा त्याचा अंदाज होता.

चाळीस नंबर हा वसतिगृहात राहणारा, बारीक अंगाचा, कमी बोलणारा मुलगा. त्याचा जेवणाचा डबा गावाहून सकाळच्या एसटीने यायचा. तो स्टँडवर जाऊन डबा उतरवून घ्यायचा आणि कँटीनच्या कोपऱ्यात एकटा बसून खायचा. त्याने आयुष्यात एकही चिठ्ठी टाकली नव्हती. नोव्हेंबरअखेर एक दिवस शेजारच्या टेबलावरून त्याला हाक आली.

"काय चाळीस, आज पन लावलंत का?"

"मी कुठं काय लावलंय?"

"लाजू नका हो. लय दर्दी निघालात."

"मी न्हाई टाकली चिठ्ठी."

"मंग काय भोंगा खोटं बोलायलाय?"

पहिले काही दिवस तो "मी न्हाई" म्हणत राहिला. नंतर त्याने ते म्हणणे सोडले. डिसेंबर लागला तेव्हा तो कोपरा सोडून बरोबर भोंग्याखालच्या टेबलावर बसू लागला होता. शर्टाच्या खिशात कंगवा आला होता. एका मुलीने त्याच्याकडे इतिहासाच्या वह्या मागितल्या, ही माहिती खुद्द त्याने दिली. इतर कोणी तिला दुजोरा दिलेला नाही.

एकोणचाळीस नंबर सोमवारी आमच्या खोलीत आला.

"माझी चिठ्ठी कुठंय?"

"वाचली की. सगळ्यात आधी," मी म्हणालो.

"मी भोंग्याखाली उभा होतो. चाळीस म्हनलास तू."

"एकोणचाळीस म्हनलो."

"मला कान हायेत."

"मला तोंड हाय."

"दोघांचंबी खरं असंल," जोडीदार कॅसेट फिरवत म्हणाला, "तर मधे कुनीतरी खोटं बोलायलंय."

एकोणचाळीस नंबर त्याच्याकडे वळला. "चिठ्ठ्या कोन उघडतंय? तूच ना?"

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या टेबलावर अर्ज होता. त्यात एकच मुद्दा होता, "कॉलेजच्या रेडिओवर भेदभाव होतो." प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावले. ते त्या एका शब्दावर बोट ठेवून बसले होते.

"भेदभाव. लेखी. या दिवसांत." त्यांनी दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "काही दुसरा शब्द मिळाला नाही का त्याला? गैरसोय म्हणाला असता. दुर्लक्ष म्हणाला असता."

"सर, आम्ही नंबर बरोबर वाचला," मी म्हणालो.

"तुम्ही काय वाचलं ते महत्त्वाचं नाही. काय ऐकू गेलं ते महत्त्वाचं. आजपासून बंद."

"सर, गुरुवारी माझे वडील येणार आहेत."

"मग?"

"रेडिओ ऐकायला."

"तुमच्या गावात रेडिओ नाही?"

"आहे, सर. त्याच्यामुळेच अडचण झालीय."

मी त्यांना सगळे सांगितले. ते ऐकताना हसले नाहीत. हसायचे की नाही हे त्यांचे ठरत नव्हते असे दिसले. शेवटी म्हणाले, "गुरुवारी साडेबाराला चौकशी. मी स्वतः व्हरांड्यात बसणार. भोंग्यातून काय येतं ते शिपाई फळ्यावर लिहील. नंबर बरोबर आले तर कार्यक्रम चालू. नाही आले तर मशीन स्टोअरला जमा."

गुरुवारी वडील अकराच्या सुमाराला परभणीत उतरले. त्यांनी स्टँडवर ऑटोवाल्याला "रेडिओ" असे सांगितले. शहरात खरे रेडिओ केंद्र होते, त्यामुळे ऑटोवाल्याने त्यांना तिथे नेले. फाटकावरच्या माणसाने सौजन्याने वही पाहिली आणि या नावाचे इथे कोणी बोलत नाही असे सांगितले. तिथून ते कॉलेजवर आले. मी त्यांना व्हरांड्यातल्या बाकावर बसवले.

"वहीत तू न्हाईस," ते म्हणाले.

"आण्णा, ते केंद्र वेगळं. हे कॉलेजचं हाय."

"पोस्टकार्डात तसं न्हवतं."

"व्हतं."

 त्यांनी भोंग्याकडे मान वर करून विचारले, "ह्याचं कुठवर ऐकू जातंय?"

"त्या सायकलच्या दुकानापर्यंत."

त्यांनी दुकानाकडे पाहिले, मधले अंतर नजरेने मोजले. "लहान हाय," ते म्हणाले. "पन हद्द हाय."

चौकशीच्या वेळी मी आणि जोडीदार खोलीत होतो. भोंग्याचा आवाज माइकमध्ये शिरून शिट्टी वाजू नये म्हणून दार लावून घ्यावे लागे, त्यामुळे बाहेरचे काही दिसत किंवा ऐकू येत नसे. व्हरांड्यात जे घडले ते मी शिपाई, चाळीस नंबर आणि वडील अशा तिघांकडून वेगवेगळे विचारून घेतले आहे.

प्राचार्य खुर्चीवर होते. एकोणचाळीस आणि चाळीस दोन्ही नंबर उभे होते. प्राचार्यांनी वडिलांना त्रयस्थ साक्षीदार म्हणून बसायला सांगितले. एकोणचाळीस नंबर म्हणाला, "सर, ते निवेदकाचे वडील हायेत." प्राचार्य म्हणाले, "असतील. पण त्यांना इथला एकही नंबर माहीत नाही."

मला दहा आकड्यांची यादी दिलेली होती. मी प्रत्येक वेळी बटण दाबून आकडा स्पष्ट वाचला. एकोणचाळीस. फळ्यावर ४० आले. एक्केचाळीस. फळ्यावर ४०. पंचेचाळीस, पुन्हा ४०. सत्तेचाळीस वाचला तेव्हा शिपायाने प्राचार्यांकडे पाहिले आणि चौथ्यांदा ४० लिहिले.

"हा एकटा मुलगा इतकी गाणी मागतो?" प्राचार्यांनी विचारले.

सगळ्यांनी चाळीस नंबरकडे पाहिले. त्याने कंगव्याचा खिसा हाताने झाकला.

"मी एकबी न्हाई मागितलं, सर," तो म्हणाला. "आधी सांगत होतो. कुनी ऐकंना."

यादीत पुढचा आकडा चाळीस होता. मी तो वाचला. शिपाई खडू धरून उभा राहिला.

"लिही ना," प्राचार्य म्हणाले.

"काय लिहू, सर? खोकल्यासारखं काईतरी आलं."

"पुन्हा वाचायला सांगा."

शिपाई दारावर निरोप देऊन गेला, मी पुन्हा वाचले. पुन्हा खोकला आला. वर्गातल्या चाळीसच्या आसपासच्या मुलांचा नंबर चाळीस ऐकू जात होता आणि चाळीस नंबरचा तेवढा जात नव्हता.

शेवटचा आकडा एकशे चौदा होता. फळ्यावर १४ आले.

प्रयोगशाळेतल्या परिचरांना बोलावण्यात आले. त्यांना सगळे चाचा म्हणत. अँप्लिफायर आणि बटण त्यांनीच जोडले होते. त्यांनी फळा वरपासून खालपर्यंत वाचला आणि कानावरचे बिडीचे थोटूक काढून पुन्हा तिथेच ठेवले.

"साब, बटन दबाया तो पहले टेप सोता. उसके बाद माइक जागता. बीच में जो बोले, सो गया."

"म्हणजे किती जातं?"

"यही, एकोण जाता. पंचे जाता. एकशे जाता. दो-तीन हर्फ समझो."

"मग हे दिवाळीआधी का झालं नाही?"

"तब ये बच्चा पहले नमस्ते-वमस्ते बोलता था ना, साब. मशीन वो खाता था. अब कुछ डालते नहीं तो आदमी का नंबर खाता है."

प्राचार्यांना आपली 'पाल्हाळ नको' ही चिठ्ठी आठवली असावी. त्यांनी खुर्ची थोडी मागे सरकवली. मग आम्हा दोघांना खोलीतून बाहेर बोलावले. इथून पुढचे मी स्वतः पाहिले आहे.

जोडीदाराने फळ्यावरचा शेवटचा आकडा बराच वेळ पाहिला.

"सर, तीन आठवडे माझा नंबर चौदा होता?"

"तसं दिसतंय."

"तरीच. कँटीनमधे कुनी मागं वळून बघत न्हवतं."  "सर, बाकीचे दुरुस्त करा. एवढा एक राहू द्या."

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. एकोणचाळीस नंबर जमिनीकडे पाहत होता. 

"तर आता," प्राचार्य म्हणाले, "आकड्याच्या आधी यंत्राला काहीतरी द्यावं लागेल. नमस्कार म्हणत जा." ते लगेच थांबले. "नको. अर्धा गिळला तर नुसतं 'स्कार' ऐकू जाईल. लोक तिरस्कार समजतील."

"राम राम म्हना की, सर," एकोणचाळीस नंबर म्हणाला.

"मंग जय भीम म्हना," जोडीदार म्हणाला.

"सलाम छोटा है, साब," चाचा म्हणाले. "चल जाएगा."

प्राचार्यांनी दोन्ही हात वर केले. "कोणताही नमस्कार नको. माझ्या भोंग्यातून कोणाचाही नमस्कार जाणार नाही."

"सर, तो जानारच न्हाई," जोडीदार म्हणाला. "मशीन खानार हाय त्याला. त्याच्यासाठीच तर टाकायचाय."

"आणि एखाद्या दिवशी नाही खाल्ला तर?"

 एक वाजायला दहा मिनिटे होती. कँटीनसमोर मुले जमली होती. गाणे का लागत नाही, अशी ओरड सुरू झाली होती.

"साहेब," वडील बाकावरून म्हणाले, "एक बोलू का?"

"बोला."

"आमच्याकडं गावात दवंडी देतेत. दवंडीवाला 'ऐका हो ऐका' म्हनतोय. पयलं 'ऐका' कुनालाच ऐकू जात न्हाई. मानसं आपल्या कामात असतेत. म्हनून तर दुसरं ठिवलंय."

प्राचार्यांनी ते शब्द मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिले. त्यांचे ओठ हलताना दिसले. "पहिलं गेलं तरी दुसरं उरतं," ते म्हणाले. "आणि कोणाचंच नाही. उत्तम."

"कोनाचं कसं न्हाई, सर?" जोडीदार म्हणाला. "आमच्या आज्याचं हाय."

वडील त्याच्याकडे वळले. गावात दवंडी देण्याचे काम महारकीत येई. जोडीदाराच्या आजोबांनी धर्मांतरानंतर ते सोडले होते आणि पुन्हा कधी केले नाही.

"आज्यानं हलगी टाकली ती टाकली," तो म्हणाला. "माझ्या तोंडून 'ऐका हो' निघनार न्हाई."

"तुला म्हणायचं नाही. निवेदक हा आहे," प्राचार्य म्हणाले.

आता सगळे माझ्याकडे पाहू लागले आणि मग वडिलांकडे. आमच्या गावात जमीनवाल्या घरातल्या कोणी दवंडी दिल्याची नोंद नाही. एकोणचाळीस नंबर मोठ्याने हसला.

"काय काका, पोरगं दवंडी देनार का आता तुमचं?"

 वडिलांनी डोक्यावरची टोपी काढली, आत पाहिले आणि पुन्हा घातली.

"रेडिओवर बोलतोय म्हनून मी गावाला सांगितलं. ते खरं निघालं न्हाई," ते म्हणाले. "दवंडी देतोय म्हनून सांगितलं तर ते तरी खरं होईल. दे रं."

मी खोलीत जाऊन बटण दाबले आणि "ऐका हो ऐका, एकोणचाळीस" असे बातम्या वाचल्यासारखे म्हणालो. जोडीदाराने मान हलवली.

"असं न्हाई. 'हो' लांबव. 'ऐका'वर जोर देऊ नको, ते जानारंच हाय."

"तू म्हननार न्हाई म्हनलास ना?"

"म्हनत न्हाई. शिकवायलोय."

दुसऱ्या वेळी त्याने दार किलकिले ठेवले. शिट्टी वाजली नाही. फळ्यावर ३९ आले. मग मी यादीतले बाकीचे आकडे वाचले आणि शिपायाने ते बरोबर लिहिले. चाळीसही चाळीस आले. एकशे चौदा वाचताना मी जोडीदाराकडे पाहिले. तो कॅसेट फिरवत होता. फळ्यावर ११४ आले.

एकला पाच मिनिटे असताना एकोणचाळीस नंबरची सोमवारची फर्माइश लागली. गाणे विरहाचे होते. प्रात्यक्षिक सुरू असल्यामुळे बी.एस्सी.च्या त्या मुलीचा वर्ग त्या वेळी प्रयोगशाळेत होता आणि प्रयोगशाळेचे दार बंद होते. अर्जावर प्राचार्यांनी "ऐकले" असा एका शब्दाचा शेरा लिहिला आणि सही केली. अर्ज फाईलला लागला. कार्यक्रमाची परवानगी कायम राहिली.

वडिलांनी गाणे पूर्ण ऐकले.

"हे तू म्हनलास?"

"न्हाई, आण्णा. मी फकस्त नंबर म्हनलो."

"नंबर चांगला म्हनलास," ते म्हणाले. मग ते भोंग्याखालून निघून फाटकाबाहेर गेले. मी माइकवर त्या दिवसाची शेवटची फर्माइश सांगत असताना ते सायकलच्या दुकानापाशी उभे होते आणि दुकानदाराशी बोलत होते. दुकानदाराने नंतर सांगितले की त्यांनी एकच विचारले होते, "इथं रोज ऐकू येतंय का?" तो "येतंय की, डोकं उठतंय" असे म्हणाला होता. वडील तिथून काही पावले पुढे गेले, थांबले, कान दिला आणि परत आले. दुपारच्या एसटीने ते गेले.

शुक्रवारी डब्यात चाळीस नंबरची पहिली चिठ्ठी निघाली. "कोणतंही गाणं लावा. नंबर नीट सांगा." आम्ही दोन्ही केले. तो त्या दिवशी पुन्हा कोपऱ्यातल्या टेबलावर बसला होता, असे कँटीनवाल्याने सांगितले. कंगवा खिशातच होता.

कार्यक्रम मार्चमध्ये अभ्यासाची रजा लागेपर्यंत चालला. 'ऐका हो ऐका' रोज म्हटले गेले. माइक जागा व्हायला लागणारा वेळ चाचांना कमी करता आला नाही. मुले मला दवंडी म्हणू लागली. जोडीदाराने स्वतः कधीच ते शब्द उच्चारले नाहीत, मात्र माझा 'हो' आखूड झाला की तो माझ्या खुर्चीच्या पायाला चप्पल मारत असे.

वडिलांनी गावात काय सांगितले ते मी गुरुजी आणि गिरणीवाला या दोघांना वेगवेगळे विचारले. दोघांनी दिलेले वाक्य सारखे आहे. "पोरगं रेडिओवर न्हाई. कॉलेजात दवंडी देतंय. हद्द सायकलच्या दुकानापर्यंत, त्याच्या चार पावलं पुढं ऐकू येत न्हाई. मी चालून बघितलं."

गिरणीपुढे लोक हसले, हेही दोघांनी सांगितले.

संक्रांतीनंतर तो राहिलेला तंटा पुन्हा निघाला. वडिलांना बोलावण्यात आले. त्यांनी बांधाच्या कडेने चालत जाऊन जागा दाखवली. दोन्ही बाजूंनी तिथे दगड रोवला.